ड्रेसिंग रोज, तरी जखम तशीच

आज ड्रेसिंगच्या टेबलावर सकाळपासून मधुमेहाचे पायच पाय. एका तळव्यावर गॉज (जखमेवरचं जाळीदार कापड) वाळून असा चिकटला होता की ओढला असता तर खालचं नवं लाल मांसही सोबत आलं असतं. अशा वेळी सलाईन ओतून पाच मिनिटं थांबायचं, अलगद सुटतो.

धुवायलाही सलाईनच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला भारी वाटतो, पण तो नव्या पेशीही मारतो. हळद, टूथपेस्ट तर नकोच (टूथपेस्ट कोण सुचवतं, देव जाणे). गॉज भिजवून नीट पिळायचा आणि खड्ड्यात सैल भरायचा. ठासला की आत दाब पडतो. जखमेतून पाणी जास्त सुटत असेल तर अल्जिनेट (पाणी शोषून घेणारं ड्रेसिंग), जखम कोरडी असेल तर हायड्रोजेल (ओल देणारं जेल). कडा पांढऱ्या, सुरकुतलेल्या दिसल्या म्हणजे ओल जास्त झाली.

एवढं सगळं करून पेशंट त्याच पायावर चालत बसस्टॉपला जातो! तळव्यावरचा दाब काढला नाही तर महागडं ड्रेसिंगही फुकट. लाली कडेपासून २ सेंमीच्या पुढे गेली, घाण वास सुटला किंवा ताप आला, तर पुढच्या ड्रेसिंगपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.