जांघेतून थेट गाठीपर्यंत

आज मामांना घेऊन संभाजीनगरला होतो. फुफ्फुसातल्या गाठीसाठी केमो, पण हाताच्या शिरेतून नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीत, तिथून गाठीला रक्त पुरवणाऱ्या ब्राँकियल धमनीत, आणि औषध तिथंच. नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडल्यावर गाठीभोवतीचं रक्तवाहिन्यांचं जाळं कसं काळंभोर उमटतं ते. कधीकधी याच धमनीतून मज्जारज्जूकडं फांदी जाते. औषध तिकडं गेलं तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून आधी नीट बघावं लागतं. ही सगळ्यांसाठीची पहिली ट्रीटमेंट नाही, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं. ते बरं केलं. मामांना मात्र पाय सरळ ठेवून पडायचं जिवावर आलेलं. "आरं, सोयाबीन काढायला आलंय, कवा सोडतेत?" सिस्टर म्हणाल्या, "आधी पाय हलवू नका, मामा."