दादा, काका आणि सहा वार किटेंगे

टांझानियातल्या दार-एस-सलामला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. उपांगा भागातल्या एका इमारतीच्या ओट्यावर पायमशीन मांडून बसलेल्या शिंप्यासमोर मी पिशवी घेऊन उभी राहिले आणि तो म्हणाला, "करीबू, दादा." मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हे घरी आल्यावर कळलं. आपलीच नाती, पण प्रत्येकजण चुकीच्या खुर्चीत बसलेला.

शिंप्याला इथे फुंडी म्हणतात. गवंडीही फुंडी, सुतारही फुंडी, नळ दुरुस्त करणाराही फुंडीच. आपल्याकडे मिस्त्री म्हणतात तसं.

पिशवीत सहा वार किटेंगे होतं, म्हणजे इथलं रंगीत छापील कापड. ते मी हौसेनं घेतलेलं नव्हतं. ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधी तिची 'किचन पार्टी' होती. हा फक्त बायकांचा कार्यक्रम. नवरीला भांडीकुंडी द्यायची आणि थोरल्या बायकांनी तिला संसाराचे धडे द्यायचे. त्यासाठी आम्ही सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे होते. अशा एकसारख्या कपड्यांना स्वाहिलीत 'सारे' म्हणतात. मला वाटलं, मराठीच बोलतायत. सारे म्हणजे सगळे, सगळ्यांनी सारखं. अर्थ तसा चुकलाही नव्हता.

कापड गर्द जांभळं होतं आणि त्यावर ताटलीएवढाली पिवळी वर्तुळं. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

त्याला कारण होतं. मी सांगलीची, सावळी. साडीच्या दुकानात गादीवर बसलं की दुकानदार माझ्याकडे एक नजर टाकायचा आणि पोऱ्याला सांगायचा, "हिला जरा पिस्ता, मोतिया दाखव." आईचंही तेच. सावळ्या अंगाला फिकंच बरं दिसतं, पिवळ्याच्या वाटेला जायचं नाही. चाळिशीपर्यंत माझं कपाट असं भरत गेलं की दार उघडल्यावर पावसाळी आभाळ दिसावं. राखाडी, बिस्किटी, मळखाऊ निळा.

आणि इथे रोज सकाळी रिक्षातून ऑफिसला जाताना (इथे रिक्षाला 'बजाजी' म्हणतात, आपल्या पुण्याच्या बजाजवरून) बसथांब्यावर माझ्यापेक्षा कितीतरी गडद रंगाच्या बायका दिसायच्या. हळदी पिवळ्यात, झेंडूच्या केशरीत, मोरपिशीत. पिवळं त्यांच्यावर नुसतं शोभत नव्हतं, त्यांच्यावर गेल्यामुळेच ते पिवळं आहे असं वाटत होतं. दुकानदार आणि आई, दोघांच्या शास्त्राला तिथेच तडा गेला. पण तडा जाणं वेगळं आणि स्वतः घालणं वेगळं.

फुंडीच्या भिंतीवर 'मिशोनो' म्हणजे फॅशनच्या नमुन्यांचं मोठं पोस्टर होतं. त्यातल्या सगळ्यांत गरीब दिसणाऱ्या ड्रेसवर मी बोट ठेवलं. त्यानं मापं घेतली, मान डोलावली आणि सांगितलं, "केशो." म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशी गेले तर केशो. तिसऱ्या दिवशीही केशो. सांगलीच्या शिंप्याची आठवण येऊन मला घरच्यासारखं वाटायला लागलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अकराला ड्रेस मिळाला, तोही मी दाखवलेला नव्हे. कमरेला झालर, खांद्यावर फुगे, आणि खाली गुडघ्यांपाशी आवळून मग माशाच्या शेपटीसारखा पसरलेला घेर. त्यात बजाजीत चढता येईना. शेवटी आडवी होऊन आत सरकले.

सभागृहात तीसेक बायका त्याच कापडात होत्या आणि एकीचाही ड्रेस दुसरीसारखा नव्हता. मी आत शिरल्याबरोबर चारही बाजूंनी "उमेपेंडेझा!" सुरू झालं. 'छान दिसतेयस.' हे इथे अनोळखी बाईसुद्धा रस्त्यात सहज म्हणते.

खरा घोटाळा भेटवस्तूचा झाला. नवरीसाठी मी उहुरू स्ट्रीटवरच्या कापडबाजारातून एक कांगा घेतला होता. कांगा म्हणजे किटेंगे नव्हे, हे तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं. किटेंगे वारावर मिळतं आणि शिवायचं असतं. कांगा साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडा जास्त रुंद असतो, चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी. काठाला 'पिंडो' म्हणतात आणि मधल्या भागाला 'म्जी', म्हणजे चक्क गाव. विकतात जोडीनं, त्या जोडीला 'डोटी' म्हणतात. आपण घरी आणून मधून कापायची आणि कडा दुमडून घ्यायच्या. एक कमरेला, एक खांद्यावर किंवा डोक्यावर. बाळाला पाठीशी बांधायलाही तोच. आणि प्रत्येक कांग्यावर, मधल्या नक्षीच्या खालच्या बाजूला, स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते.

ती ओळ म्हणजेच खरा कांगा. बाई तोंडानं जे बोलू शकत नाही ते कमरेला गुंडाळून अंगणातून फिरते. शेजारणीला, सवतीला, नवऱ्याला, ज्याला कळायचं त्याला कळतं. चालती-फिरती पुणेरी पाटीच. मला हे सगळं नंतर समजलं. मी फक्त लाल-काळा रंग बघून घेतला होता. नवरीनं तो उलगडला, समोरच्या आजीनं मोठ्यानं वाचलं, "हुजुई किटू!" आणि अख्खं सभागृह टाळ्या पिटत हसायला लागलं. अर्थ, 'तुला काही कळत नाही.' नवरीला संसार शिकवायला जमलेल्या बायकांसमोर मी तिला हे दिलं होतं. नशीब माझं, त्यांना तो माझा विनोद वाटला. त्या दिवसापासून ऑफिसात मला मान वाढला.

त्यानंतर मात्र मी कांगा वाचल्याशिवाय घेतला नाही, आणि वाचता वाचताच थोडी स्वाहिली आली. 'हसिदी हाना सबाबू', मत्सरी माणसाला कारण लागत नाही. सबाबू म्हणजे आपली 'सबब', अरबीतून दोन्हीकडे गेलेली. 'हराका हराका हाइना बराका', घाईत बरकत नाही. फुंडीच्या दुकानात हा लटकवायला हवा. माझा आवडता, 'आम्ही सगळे प्रवासी, ड्रायव्हर देव आहे' अशा अर्थाचा. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुणे-सांगली रस्त्यावरचे सगळे ट्रक डोळ्यांपुढून गेले.

कापडाची अक्कल यायला वर्ष गेलं. पहिला धडा कापड आटल्यावर मिळाला. हिरव्या किटेंगेचा कुडता न धुता शिवायला दिला आणि पहिल्या धुण्यात तो दोन बोटं वर गेला. आता कापड आणलं की आधी मिठाच्या पाण्यात भिजवते. रंग जातो का तेही कळतं आणि खळही निघते. काही कापडांची खळ गेली की हातात नुसती गाळण उरते, ते आधीच कळलेलं बरं. दुसरा धडा पॉलिस्टरचा. स्वस्त आणि झगझगीत म्हणून एक घेतलं. फेब्रुवारीतल्या दार-एस-सलामच्या घामट हवेत ते दिवसभर घातलं आणि संध्याकाळी अंगावर पुरळ आलं. तेव्हापासून काठाचा एक धागा ओढून काडीनं जाळून बघते. राख झाली तर सुती, गोळी झाली तर दुकानदाराला नमस्कार. उलटी बाजूही पाहायची. मेणाच्या पद्धतीनं, म्हणजे रंग नको तिथे मेण लावून, रंगवलेल्या कापडाला उलटसुलट नसतं, दोन्हीकडे रंग सारखाच भरलेला. नुसत्या छापील कापडाची पाठ फिकट असते. छापील वाईट असं नाही, फक्त त्याला मेणाची किंमत मोजायची नाही.

हे मेणाचं प्रकरण मुळात जावातल्या बाटिकचं. एकोणिसाव्या शतकात डच गिरण्यांनी त्याची यंत्रावर नक्कल केली आणि ती पश्चिम आफ्रिकेत अशी रुजली की आज जग तिला आफ्रिकन म्हणून ओळखतं. 1846 मध्ये नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावात सुरू झालेली व्लिस्को कंपनी अजून ते छापते. आणि दार-एस-सलामच्या दुकानातल्या गुजराती काकांनी (आपले काका, स्वाहिलीतले नव्हेत) मला गठ्ठे दाखवत सांगितलं की त्यांचे कांगे आणि बरीचशी किटेंगे सौराष्ट्रातल्या जेतपूरहून येतात. मी आठ तास विमानात बसून जे 'अस्सल' शोधत होते ते माझ्यासारखंच भारतातून आलेलं निघालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कांग्याची नक्षी आणि ओळ इथल्या बायकांच्या पसंतीनं ठरते. कापड कुठे छापलं यापेक्षा ते कोण बोलतंय, हे मोठं.

तसं 'आफ्रिकन फॅशन' हा शब्दही मी आता जपून वापरते. घानाचं केंटे हातमागावर अरुंद पट्ट्या विणून जोडलेलं, मसाईंची अंगाभोवती गुंडाळायची शुका चौकड्यांची, आणि इथिओपियातल्या बायकांचा सणाचा पोशाख तर पांढराशुभ्र, फक्त काठाला रंग. मी जे शिकले ते एका शहरातल्या एका ओट्यावर.

त्या ओट्यावर एकदा फुंडीनं मला कापड लावायला शिकवलं. लाल जमिनीवर मोठाली निळी फुलं होती. त्यानं ते माझ्या खांद्यावरून सोडलं, दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक केले, कापड चार बोटं वर ओढलं, परत मागे गेला. साबणाच्या चिपटीनं एका फुलाभोवती गोल केला, पोटाकडे बोट दाखवून "हपाना", नको. मग फूल डाव्या गुडघ्याच्या वर आणलं आणि हसला. पोटावर आलं असतं तर तोफेचं निशाण झालं असतं, मागे आलं असतं तर त्याहून वाईट. त्या स्कर्टमध्ये अख्खं फूल एकच आहे. बाकीची शिवणीत अर्धी-मुर्धी गेली. मोठ्या नक्षीचं कापड कमी पडत नाही, ते कापायचं कुठे हे कळावं लागतं. वरखाली दिशा असलेली नक्षीही आधी बघावी लागते. माझ्या एका ब्लाउजच्या पाठीवर पक्षी पाय वर करून उडतायत.

आज माझ्या कपाटात काय टिकलंय? माशाच्या शेपटीचा ड्रेस टिकला नाही. त्याचा वरचा भाग उसवून खालचा साधा घेरदार स्कर्ट करून घेतला. पांढऱ्या शर्टावर तो ऑफिसला चालतो, आणि सगळ्यांत जास्त तोच वापरला जातो. इथल्या बायका नखशिखांत एकाच किटेंगेत, डोक्याला त्याचाच 'किलेंबा' बांधून राणीसारख्या चालतात. मी तसं केलं की पडदा काढून गुंडाळल्यासारखी दिसते, आणि किलेंबा तर बजाजीच्या वाऱ्यानं दुसऱ्याच चौकात सुटला. म्हणून एका वेळी एकच. स्कर्ट असेल तर वर साधं. काळ्या इरकलीवर केशरी किटेंगेचा ब्लाउज, तो मी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत घातला आणि आरतीपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त विचारणा झाली. उरलेल्या चिंध्यांची माझ्या जुन्या राखाडी कुडत्यांच्या गळ्याला आणि बाह्यांना पट्टी लावली. ते कुडते टाकायचे राहिले. कांगे मात्र मी कापून शिवत नाही. ओळ तुटते. ते घरात गुंडाळायला, समुद्रावर न्यायला, आणि क्वचित भांडण झालं तर दोरीवर वाळत घालायला.

मागच्या मे महिन्यात सांगलीला गेले तेव्हा तो जांभळा-पिवळा स्कर्ट घालूनच बसमधून उतरले. आईनं दारातच वरपासून खालपर्यंत बघितलं. काही बोलली नाही. चहा झाला, जेवणं झाली. दुपारी तिनं ट्रंक उघडायला लावली आणि तळातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक खण काढला. झळझळीत पिवळा, लाल काठाचा. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आलेला. घडीच्या खुणांवर कापड थोडं विरलं होतं.

"कधी शिवलाच नाहीस?"

"मला कुठे शोभतंय पिवळं," ती म्हणाली. तिचा रंग माझाच. मग घडी माझ्या हातात देत म्हणाली, "तुझा तो माणूस शिवतो ना चांगलं? माझं माप घेऊन जा."

जुना ब्लाउज मापाला घेऊन मी दार-एस-सलामला परत आले. फुंडीनं खण उलटा करून पाहिला, बोटांत चोळला, उजेडात धरला, विरलेल्या घड्यांवरून अंगठा फिरवला. चारी काठ तपासले.

"दादा, यावर काहीच लिहिलेलं नाही?"

नाही म्हटलं.

त्यानं तो हळूच घडी करून आपल्या मागच्या फळीवर, बाकी कुणाचं कापड नव्हतं अशा जागी ठेवला. कधी मिळेल विचारलं.

"केशो."