हात पोचेल एवढी होडी

होडी घरीच बांधायची यावर आमच्यात एकमत होतं. कोणती बांधायची यावर मात्र लगेच दोन पक्ष पडले. नवऱ्याला हवा होता सीडर या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा लांबलचक कनू, म्हणजे वरून उघडी, निमुळती होडी, वार्निशच्या आतून लाकडाची रेघ न् रेघ दिसणारा. मला दिसत होती सहा वर्षांची थोरली, जिला प्रत्येक गोष्ट वाकून बघायची असते, आणि तीन वर्षांचा धाकटा, ज्याला थोरली जे करेल ते त्याच क्षणी करायचं असतं. दोघं एकाच काठावर वाकणार, तेही न सांगता. माझी सगळी निवड या एका वाक्यावर उभी आहे.

पट्ट्यांची होडी देखणी असते, वाद नाही. साच्यावर सहा मिलिमीटर जाडीच्या, पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या एकेक करून चिकटवायच्या, तासायच्या, मग आतून-बाहेरून काचकापड (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट राळेसारखा पदार्थ. पण यात शेकडो तास जातात. आमच्याकडे मोकळा वेळ म्हणजे मुलं झोपल्यावर आमची झोप अनावर होईपर्यंतचा. तोवर धाकट्याला मिशा फुटतील. शिवाय इतकी मेहनत घेतलेल्या होडीत मुलांनी दगड आपटले की माझा आवाज चढणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

कयाक मी पहिल्या दिवशीच बाद केली. ती वरून बंद असते, बसायला एक भोक तेवढं. उलटली तर पाण्याखाली डोकं असताना त्या भोकातून स्वतःला सोडवून घ्यावं लागतं. मोठं माणूस ते शिकतं. तीन वर्षांचं मूल नाही शिकत. आणि मूल मांडीपुढे बसवलं तर मोठ्याच्याही बाहेर पडण्याच्या वाटेत तेच असतं. कापड ताणलेली सांगाड्याची होडी वजनाला फारच हलकी, आणि लोक समजतात तेवढी नाजूकही नसते. पण आत फासळ्याच फासळ्या. लहान पावलांना सपाट तळ लागतो.

उरली ती प्लायवूडची उघडी होडी, ‘शिवून चिकटवलेली’. प्लायच्या फळ्या आकारात कापायच्या, कडेला बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने किंवा केबल टायने एकमेकींना शिवायच्या, आतून सांध्यात इपॉक्सी आणि लाकडाच्या पिठीचा लगदा भरायचा, वर काचकापडाची पट्टी. साचा लागत नाही, फळ्यांचा आकारच होडीला वळण देतो. हे तंत्र जगभर गाजलं ते ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या होडीमुळे. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली, ब्रिटनमधल्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने उचलून धरली आणि १९६३ पासून घरोघरच्या गॅरेजांत लोक ती बांधत आले. अशा सत्तर हजारांच्या वर होड्या झाल्या. सुतार नसलेल्या माणसांनी बांधलेल्या, हे मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

पद्धत ठरली तरी लांबी ठरत नव्हती. कुटुंबासाठी म्हणून जे आराखडे मिळतात ते बहुतेक १६-१७ फुटांचे. १७ फुटी म्हणजे ५.२ मीटर. जागा भरपूर, सरळ चालते, वजन पेलते. कागदावर तीच जिंकत होती. मग आम्ही जमिनीवर खडूने तिचा खऱ्या मापाचा आकार काढला, बैठकांच्या जागी पाट ठेवले आणि चौघं त्यात बसलो. मी मागे, नवरा पुढे, मुलं मध्ये. दोन मिनिटांत थोरलीने रेषेबाहेर हात घालून मासा पकडला. धाकटा तिच्याकडे सरकला. मी हात पुढे केला, आणि तो पोचला नाही.

पुढे बसणाऱ्याची पाठ मुलांकडे असते, त्यामुळे राखण खरी मागच्याचीच. म्हणून नियम केला: धाकट्याचं तरंगवणारं जॅकेट माझ्या बैठकीवरून न उठता, एका हाताने धरता आलं पाहिजे. एका हाताने, कारण दुसऱ्यात वल्हं. खडू पुसत, पाट सरकवत आम्ही ४.७ मीटरवर आलो. धाकटा माझ्या गुडघ्यांच्या पुढ्यात, थोरली नवऱ्याच्या पाठीला जवळजवळ टेकून, दोघांमध्ये सामानाची पिशवी. ती पिशवी मुद्दाम. दोघांना एकमेकांच्या अंगावर जायला सोपं जाऊ नये.

४.७ चा एक फायदा नंतर लक्षात आला. प्लायचा तक्ता २.४४ मीटर लांब असतो. ४ मिमीच्या प्लायला जाडीच्या आठपट, म्हणजे ३२ मिमी उतार रंधून दोन तक्ते टोकाला टोक चिकटवले की ४.८५ मीटरची फळी मिळते. बाक देऊन वळवल्यावर होडी त्याहून थोडी आखूड होते. म्हणजे तिसरा तुकडा जोडायची भानगड नाही.

रुंदीच्या बाबतीत मी हट्टी होते. होडी किती सहज कलते हे पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. तिथली रुंदी ६० सेंटिमीटरवरून ७५ केली, म्हणजे सव्वापट, तर कलण्याला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. वेग कमी होतो, होऊ दे. आम्हाला कुठे शर्यत लावायची आहे? आमच्या आराखड्यात काठाला रुंदी ८६ सेंटिमीटर आहे आणि तळ सपाट. सपाट तळाला जाणकार नावं ठेवतात. सुरुवातीला ताठ वाटते, पण ठरावीक कोनापुढे एकदम दगा देते, आणि लाटांत आदळते. खरं आहे. पण आम्ही लाटांत जाणारच नाही. किनाऱ्याजवळ, वारा पडलेला असताना, जिथे मोठ्यांचे पाय टेकतील अशा पाण्यात ही होडी चालणार. बैठकाही मी खाली आणल्या. माणूस जितकं वर बसेल तितका रुंदीचा फायदा वाया जातो.

वजनाचा हिशेब बसून मांडला. आम्ही दोघं १४०, मुलं मिळून ३५, सामान आणि वल्ही २०, होडी ३२. झाले २२७ किलो. आमच्या आराखड्यात पाण्याच्या पातळीवर होडीने व्यापलेली जागा सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे दर २२-२३ किलोला ती एक सेंटिमीटर खाली बसते. त्यात बुडाशी जागा कमी असते हे धरलं तर पूर्ण भरल्यावर तळ ११-१२ सेंटिमीटर पाण्यात. मध्यावर काठाची उंची ३२, म्हणजे वर वीसेक उरतात. मुलं वाढून आणखी पंचवीस किलो चढले तरी १५ च्या खाली जात नाही. आराखड्यावर ‘चार माणसांसाठी’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. किती किलोला किती काठ उरतो, हे विचारा.

लाकूड बुडत नाही म्हणून पाणी भरलेली होडी उपयोगाची राहते असं नाही. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो उचलते. त्यामुळे दोन्ही टोकांना आडव्या फळ्या लावून बंद कप्पे केले आहेत. नुसती टोकंच तरंगली तर होडी मध्ये लोळते, म्हणून बैठकांखाली फोमचे ठोकळेही. मुलांना बसवण्याआधी उथळ पाण्यात ती मुद्दाम काठोकाठ भरून बघणार आहे, आणि त्याआधी त्यांच्या जागी पाण्याने भरलेले कॅन ठेवून. वीस लिटरचा कॅन म्हणजे जवळपास थोरलीच.

जाडीवर पुन्हा भांडण. सगळी ६ मिमीची केली तर दणकट होते, पण ओकूमे या हलक्या लाकडाच्या प्लायचा तो एकेक तक्ता आठ किलोच्या घरात, आणि होडी गाडीच्या टपावर चढवताना आमच्यातल्या एकाच्या कडेवर मूल असणार. शेवटी तळ ६ चा, बाजू ४ च्या. तळाला बाहेरून अखंड काचकापड. आत रंग ओला असताना बारीक वाळू भुरभुरायची म्हणजे ओले पाय घसरत नाहीत.

इपॉक्सीच्या दिवसांत मुलं त्या खोलीत नाहीत, यावर मात्र दुमत झालं नाही. ओली इपॉक्सी अंगाला वारंवार लागली तर कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि अर्धवट सुकलेली घासताना उडणारी धूळही तितकीच वाईट. मुलांची कामं वेगळी: टाय ओवणे, नंतर त्या मोजणे.

जॅकेटं होडीआधी आली. ती किती जोराने तरंगवतात हे न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनची पोहता येणाऱ्यांसाठी असतात. मुलांना १०० ची घेतली, डोक्यामागे आधार देणारी आणि दोन पायांमधून पट्टा जाणारी. घालून, खांद्यांना धरून उचलायचं. कानांपर्यंत वर सरकलं तर मोठं आहे. आणि मुलाला होडीला बांधायचं नाही, कधीच.

नवऱ्याची हौस वल्ह्यांवर भागवली. होडी रुंद आणि मी बऱ्याचदा एकटीच वल्हवणार, म्हणून माझं दोन्ही टोकांना पातं असलेलं, २६० सेंटिमीटरचं. ते तो सीडरच्या पट्ट्या चिकटवून करतोय, वार्निशसकट. थोरलीला मीटरभराचं, खरंखुरं पाणी कापणारं हवंय. धाकट्याचं दोरीने बैठकीला बांधलेलं असेल, कारण तो ते फेकणारच.