स्ट्रॅटोलायनरखाली भेटलेले सातारकर

वॉशिंग्टनच्या डल्लस विमानतळाला लागून असलेल्या उडवार-हेझी सेंटर या विमानांच्या संग्रहालयात मी गाइडचं काम करते. बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनरपाशी आले की माझी टेप सुरू होते. १९४० साली सेवेत आलेलं, प्रेशराइज्ड केबिनचं, म्हणजे उंचावरही आत हवेचा दाब राखणारं पहिलं प्रवासी विमान. बनली जेमतेम १०, शिल्लक हे एकच. पंख बी-१७ बॉम्बरचे, धड मात्र नवं, भोपळ्यासारखं गोल. आतल्या हवेचा दाब चहूबाजूंनी सारखा पडावा म्हणून. हा दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला अडीच पौंडच जास्त, पण तेवढ्यावर ३३ प्रवासी वादळी ढगांच्या वरून जायचे. कानाला त्रास नाही, पोटात ढवळणं नाही.

"कानाला त्रास नाही? कुणी सांगितलं?" गटातले एक आजोबा चक्क मराठीत म्हणाले. माझ्या छातीवरचं आडनाव त्यांनी वाचलं असणार. ऐंशी ओलांडलेले, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त, लेकीकडे आलेले. "लाओसात बसलोय मी ह्यात. कान असे गच्च व्हायचे, उतरल्यावर साहेब काय बोलतोय तेच कळायचं नाही!"

मग माझी ट्यूब पेटली. इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात, १९५४च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेखीला आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग बसला, अध्यक्षपद भारताकडे. आयोगाची माणसं सायगाव, लाओसची राजधानी व्हिएन्तियान, हनोई अशी ने-आण करायला जुनी स्ट्रॅटोलायनर होती. ती मूळची टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं घेतली तेव्हा वजन वाचवायला प्रेशरची सगळी यंत्रणा काढली, ती पुन्हा बसवलीच नाही. ज्या गुणासाठी ह्या विमानाचं इतिहासात नाव, तोच आजोबांच्या वाट्याला आला नव्हता!

त्यांतलंच एक १८ ऑक्टोबर १९६५ला व्हिएन्तियानहून हनोईला निघालं आणि पोहोचलंच नाही. आत १३ जण, त्यांत भारतीयही. अवशेष सापडले नाहीत. ही तारीख आजोबांनीच सांगितली, माझ्याआधी.

मग त्यांनी समोरच्या विमानाची चौकशी केली. दुरुस्तीनंतर २००२ साली इंधन संपून ते सिअॅटलच्या एलियट उपसागरात उतरवावं लागलं होतं, चौघेही वाचले, हे ऐकून म्हणाले, "म्हंजे ह्यालाबी बुडवलं व्हय तुम्ही?"

हनोईची गोष्ट आता मी प्रत्येक फेरीत सांगते. त्यामुळे कॉनकॉर्डपाशी पोहोचायला उशीर होतो आणि मागचा गट येऊन धडकतो.