खालच्या ओळीने वरची ओळ पाडली

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, डोक्यात अजून तीच एरर फिरतेय, लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

झालं असं की माझ्या पायथन प्रोग्रामच्या फाइलमध्ये वरतीच काउंट = 0 आहे, खाली एक फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), त्यात पहिल्याच ओळीत काउंट नुसता प्रिंट केलाय. कालपर्यंत मस्त चालत होतं. आज फंक्शनच्या शेवटी फक्त काउंट += 1 (काउंटमध्ये एक मिळव) टाकलं आणि रन केलं तर एरर कुठे, तर प्रिंटच्या ओळीवर! जिला मी आज हातसुद्धा लावला नव्हता. अनबाउंड लोकल एरर म्हणे.

दोन तास गेले. स्पेलिंग बघितलं, इंडेंटेशन बघितलं, फाइल बंद करून परत उघडली, जागोजागी प्रिंट टाकले, सगळं करून झालं पण एररचा मेसेज काही नीट वाचला नव्हता. शेवटी एकेक शब्द वाचला तेव्हा दिसलं की तो "लोकल व्हेरिएबल" म्हणतोय. लोकल, म्हणजे फक्त फंक्शनच्या आतलं, कसं काय? मी तर वर ग्लोबल, म्हणजे अख्ख्या फाइलचं, केलंय ना? त्या एका शब्दावरून सगळा गुंता सुटला.

पायथन फंक्शन चालवायच्या आधी ते अख्खं कंपाइल करतो (वाचून चालवण्याजोगं करतो), आणि त्यात एखाद्या नावाला कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, असाइन केलेलं (व्हॅल्यू दिलेली) दिसलं की ते नाव त्या पूर्ण फंक्शनपुरतं लोकल धरतो. मग प्रिंटच्या ओळीला तो बाहेरचा काउंट बघतच नाही, आतला शोधतो, आणि आतल्याला अजून व्हॅल्यूच मिळालेली नसते. += म्हणजे पण असाइनमेंटच, हे माझ्या लक्षातच नव्हतं. म्हणूनच तर दुसऱ्या फंक्शनमध्ये बाहेरच्या लिस्टला अपेंड केलेलं (शेवटी एक गोष्ट जोडलेली) गपगुमान चालत होतं, तिथे नाव तेच राहतं, फक्त आतला माल बदलतो. मुद्दाम त्याच लिस्टवर += करून बघितलं, लगेच तीच एरर.

आधी फंक्शनमध्ये ग्लोबल काउंट (म्हणजे बाहेरचाच काउंट घे) लिहिलं, चाललं, पण मग काढून टाकलं. कोणत्या फंक्शनने कधी बदललं हे पुढे शोधत बसायचं त्यापेक्षा काउंट फंक्शनला पॅरामीटर म्हणून आत द्यायचा आणि बदललेला रिटर्न करून परत घ्यायचा, मला तरी हेच पटतं. (फंक्शनच्या आतल्या फंक्शनसाठी असाच नॉनलोकल हा शब्द आहे, पायथन 3 पासून, ते अजून वापरलं नाहीये.)

एक मात्र आहे, हाच प्रकार जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत, फंक्शनच्या आत var (व्हेरिएबल बनवायचा जुना शब्द) वापरून केला असता तर एरर आलीच नसती, गुपचूप अनडिफाइंड (व्हॅल्यूच नाही) असं प्रिंट झालं असतं आणि मी कुठल्या कुठे शोधत बसलो असतो. 2015 मध्ये var च्या जोडीला let आलं, ते निदान अशा वेळी एरर तरी देतं. चुकीची व्हॅल्यू पुढे नेत राहणाऱ्या प्रोग्रामपेक्षा जागच्या जागी थांबणारा प्रोग्राम कधीही बरा, आज पायथनचा मला खरंच आधार वाटला.

आता एक राहिलंय. लूपमध्ये तीन बटणं बनवलीत (लूपचा आकडा आय 0, 1, 2 असा जातो), प्रत्येकाला लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लावलाय, आणि कुठलंही दाबलं तरी 2 च येतो. हेही स्कोपचंच (कुठलं नाव कुठून घ्यायचं याचंच) आहे, लॅम्डा आय ची व्हॅल्यू बनताना घेत नाही, दाबल्यावर बघायला जातो, तोवर लूप संपून आय 2 वर थांबलेला असतो. लॅम्डामध्ये आय=आय असं डिफॉल्ट दिलं की ती व्हॅल्यू तिथेच पकडली जाईल. सकाळी उठल्या उठल्या हेच करणार.