टेलचं पाणी

आमचे अण्णा संध्याकाळी फिरायला निघाले की नवव्या खांबापाशी थांबायचे. समोर साड्यांचं दुकान. काचेआडच्या पैठणीकडे ते इतकं मन लावून बघत, की दुकानदाराने एकदा आतून स्टूल आणून दिलं आणि विचारलं, "घरात कार्य आहे का काका?" खरं कार्य पोटरीत होतं. चाललं की ती आवळल्यासारखी दुखायची, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की मोकळी. पुढे कळलं, जर्मन लोक या दुखण्याला 'दुकानाच्या काचेचा आजार' असंच म्हणतात. म्हणजे पैठणी बघायचं सोंग करणारे अण्णा जगात एकटे नव्हते.

डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या अंगाला दोन बोटं टेकवून नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधला, जेल लावून रक्ताची धाव ऐकवणारी डॉप्लरची पेन्सिल धरली. सूं... सूं... दमलेल्या सायकलपंपासारखा आवाज. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं; उत्तर एकच्या आसपास हवं, ०.९ च्या खाली गेलं की पायाच्या रोहिण्या चोंदल्यात. अण्णांचं आलं ०.६.

अण्णांची नोकरी कालवा निरीक्षकाची; पाळीपाळीने सोडलेलं पाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोचतंय का ते बघायचं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे टेलला पाणी पोचत नाही."

उपायाने मात्र ते चक्रावले. दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा-पाऊण तास. दुखणाऱ्या पायाला आणखी दुखवायचं?

मी वाचून काढलं आणि त्यांना त्यांच्याच भाषेत सांगत बसलो. पेशीत एक प्रथिन सारखं तयार होतं आणि प्राणवायू पुरेसा असला की लगोलग मोडीतही निघतं. प्राणवायू घटला की ते साचतं आणि नव्या केशवाहिन्या फुटाव्यात म्हणून सांगावा धाडतं. पेशींना प्राणवायूची चणचण कशी कळते, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

"अर्ज गेला," अण्णा म्हणाले. "पण केशवाहिन्या म्हणजे सऱ्या. वर शेताला पाणी आणणारी चारीच चोंदली असेल तर खाली सऱ्या पाडून काय उपयोग?"

शंका अगदी रास्त. चारीचं काम वेगळ्या रीतीने होतं. मोठ्या रोहिणीच्या आजूबाजूला बारीक आडवाटा आधीपासूनच असतात. अडथळ्याच्या खाली दाब पडला की रक्त त्यांतून जोरात धावतं, ते घासणं आतल्या अस्तराला जाणवतं आणि वाट हळूहळू रुंद होते. लंडनच्या जॉन हंटरने १७८५ मध्ये एका गाडीवानाच्या गुडघ्यामागे रोहिणीला आलेला फुगा बरा करायला मांडीतली मुख्य रोहिणी चक्क बांधून टाकली. पाय वाचला, आडवाटांच्या जोरावर. चालताना स्नायू रक्त ओढतो, आडवाटांतली धाव वाढते. डॉक्टरांच्या सांगण्यामागे हेही एक कारण.

पण डागडुजी करायची ती त्या अस्तरानेच, आणि तंबाखू, साखर, वय यांनी तेच आधी खंगतं. मजूरच उपाशी, तर चारी कोण खणणार? हे ऐकल्यावर अण्णांनी बंडीच्या खिशातली बिडीची थप्पी मुकाट्याने काढून टेबलावर ठेवली. चाळीस वर्षांची सोबत. आई असती तर पेढे वाटले असते.

तीन महिने झाले. आता ते चौदाव्या खांबापर्यंत, पिठाच्या गिरणीपाशी पोचतात. तिथे बघायला काहीच नाही, याची तक्रार रोज. परवा परत घोटा मोजला: ०.६२. मी हिरमुसलो. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. आकडा फारसा हलत नाही, पण मिळतं ते रक्त स्नायू जास्त नीट वापरायला शिकतो.

अण्णा पायमोजा चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "पाणी तेवढंच आहे रे. पाळी नीट बसली."