माळ्यावरून उतरलेल्या कॅसेटी : नौपाडा ते वाशी, एका सोमवारची फेरी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला सोमवार मी वर्षभर राखून ठेवते. त्याच्या आधीच्या रविवारी निम्म्या ठाण्यात साफसफाई निघते, माळे उपसले जातात, आणि सोमवारी सकाळी ते सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर येऊन पडतं. टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटी जमवणाऱ्यासाठी याच्याइतका चांगला दिवस दुसरा नाही. यंदा भाचा सोबत होता. अकरावीत आहे, सहामाही शनिवारी संपली होती आणि गेम बॉयचं, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राचं, वेड त्याला माझ्यामुळेच लागलंय.

ज्यांना ही फेरी करायचीय त्यांना आधीच सांगते, ठाण्यात किंवा नवी मुंबईत 'जुन्या गेमचं दुकान' शोधत हिंडू नका. इथल्या कॅसेटी घरांतून निघतात. नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्यात. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींचंही तेच चाललंय. नव्वदच्या दशकात ज्या मुलांसाठी टीव्ही गेम घेतला, ती मुलं आता पुण्याला नाहीतर परदेशात. घर रिकामं करायची तारीख आली की आईवडील भाड्याच्या जागेत माळ्यावरचं काही नेत नाहीत. ते वजनावर जातं. भंगारवाल्याकडे पत्रा वेगळा होतो, तांबं वेगळं होतं, प्लास्टिक वेगळं होतं. कॅसेटचं कवच फोडलं की ते प्लास्टिकच्या पोत्यात जातं आणि आतली पट्टी बोर्डाच्या पोत्यात. माझ्या अनुभवात हे दोन दिवसांत उरकतं. आपल्याला त्या दोन दिवसांतच तिथे पोचायचं असतं.

आम्ही साडेआठला नौपाड्यात होतो. मी ज्यांच्याकडे जाते ते काका गल्लीच्या तोंडाशी बसतात. त्यांची-माझी ओळख चार वर्षांची. पहिल्या वर्षी मी फोनवरचे फोटो दाखवून "असं काही आलं तर ठेवाल का?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विसरून गेले. दुसऱ्या वर्षी मी घरातली एक फुटकी पिवळी कॅसेट नेऊन त्यांच्या गल्ल्याजवळ ठेवली. नमुना डोळ्यांसमोर असला की माणसाच्या लक्षात राहतं. तेव्हापासून ते बाजूला काढून ठेवतात. तुम्हीही एक नमुना देऊन या, फोटोपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

"ताई, कालच आलंय. बघून घ्या, मग बोलू," म्हणत त्यांनी बुटांचं खोकं पुढे केलं. आत अकरा कॅसेटी, एक निखळलेलं कंट्रोलर, आणि 'लिटल मास्टर' लिहिलेल्या डब्याचा फाटका पुठ्ठा.

आपल्याकडे लहानपणी ज्याला सगळे 'व्हिडिओ गेम' म्हणायचे, तो बहुतेक घरांत निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असे. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी तशी यंत्रं विकली गेली. कॅसेटी त्याच मापाच्या, ६० पिनांच्या. अमेरिकेतल्या निन्टेंडोच्या कॅसेटी मोठ्या आणि ७२ पिनांच्या असतात, त्या आपल्या यंत्रात बसत नाहीत. त्यामुळे कोणी परदेशातून आणलेली मोठी करडी कॅसेट दाखवली, तर घेण्याआधी घरी ती लावणार कशात याचा विचार करा. निन्टेंडोची स्पर्धक सेगा, तिचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र इथे शॉ वॉलेसने आणलं होतं, हो, तीच दारूवाली कंपनी. पण ते महाग होतं. त्यामुळे त्याच्या कॅसेटी माळ्यांवरून क्वचितच उतरतात. मला आजवर दोनच मिळाल्यात.

त्या अकरांपैकी सात 'अमुक इन वन' होत्या. लेबलवर ९९९९९९९ इन १ असं लिहिलेलं असलं, तरी आत मोजकेच खेळ वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा दिलेले असतात. संग्रहात अशा दोन-चार पुरतात. ज्या खेळाची एकट्याची कॅसेट असेल ती मात्र सोडू नका. खोक्यात तशा चार होत्या, त्यांतली एक 'कॉन्ट्रा'. लेबल अर्धं गेलेलं, आणि मागे वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. निळ्या शाईच्या पेनने, शाळकरी अक्षरात : 'खेळून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर परत करणे. फुंकर मारू नये.'

चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या मुलाचं म्हणणं बरोबर होतं. आपण सगळ्यांनी फुंकर मारूनच कॅसेट चालवली. पण चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे, आणि तोंडातल्या ओलाव्याने पिना मात्र हळूहळू काळ्या पडत. निन्टेंडोनेही फुंकर मारू नका असंच सांगितलं होतं. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. काळ्या पिनांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेली कापसाची काडी एकाच दिशेने फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. खोडरबराने खसाखसा घासू नका, वरचा सोन्याचा पातळ थर निघून जातो.

काकांच्या दुकानातच चाचणी केली. मी पिशवीत माझं जुनं यंत्र, सात इंची एव्ही स्क्रीन आणि त्या दोन्हींना पुरेल अशी बॅटरी घेऊन जाते. पैसे देण्याआधी लावून बघायचं, हा माझा नियम आहे आणि काकांना तो मान्य आहे. 'कॉन्ट्रा' तिसऱ्या खेपेला चालली. पहिली पातळी सुरू होण्याआधी नकाशा आला आणि जंगलातली झाडं डुलायला लागली. भाच्याने अमेरिकन कॉन्ट्रा पाहिलेली, त्याला हे नवीन होतं. जपानी फॅमिकॉमवरच्या १९८८ च्या कॉन्ट्रात कोनामीने, म्हणजे तो खेळ बनवणाऱ्या कंपनीने, स्वतःची वेगळी चिप वापरली होती, म्हणून तिच्यात हा नकाशा, डुलणारी झाडं आणि बर्फाच्या पातळीवर उडणारा बर्फ आहे. अमेरिकन आवृत्तीत यातलं काही नाही. आमच्या हातातली प्रत जपानी आवृत्तीवरून उतरवलेली नक्कल होती. आत बघितलं तर पट्टीवर चिपऐवजी काळ्या डांबरासारखा गोल ठिपका असणार, हे मला ठाऊक होतं. तरीही मी ती घेतली. आपल्या गल्ल्यांत जे खेळलं गेलं ते याच नकलांवर. त्या टाकून दिल्या, तर इथल्या मुलांनी काय खेळलं त्याचा पुरावाच राहणार नाही. संग्रह म्हणजे फक्त अस्सल आणि महाग वस्तू, असं मानणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही.

चार कॅसेटींचे दोनशे रुपये दिले. घासाघीस केली नाही. वजनावर त्यांना यातून पाच रुपये सुटले नसते, पण ते माझ्यासाठी आठवणीने बाजूला काढतात, मी पैसे देते ते त्यासाठी.

मामलेदार कचेरीजवळ मिसळ खाल्ली (सवय नसेल तर कमी तिखट सांगा) आणि स्टेशन गाठलं. ट्रान्स हार्बरच्या गाड्या फलाट ९, १० आणि १०ए वरून सुटतात, वाशीला अर्ध्या तासात पोचता. पनवेलची गाडी वाशीला जात नाही, तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते, एवढं बघून चढा. रविवारी ही फेरी करू नका. मेगाब्लॉक लागला तर सगळा दिवस फलाटावर जातो.

तुर्भ्याला एमआयडीसीच्या बाजूला उतरून दोन गोदामं पाहिली. तिथे माल टनावारी येतो, किरकोळ गिऱ्हाइकाला कोणी उभं करत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. तासभर गेला, हाती काही आलं नाही. तिथे जायचंच असेल तर बंद बूट आणि जाड हातमोजे हवेत. फुटक्या काचा आणि गंजलेले पत्रे पायाखालीच असतात. जुने डबा टीव्ही पडलेले दिसतील, ते उघडायच्या भानगडीत पडू नका. पण चालू टीव्ही कोणी देत असेल आणि घरी जागा असेल तर जरूर घ्या. 'डक हंट' या बदकं टिपायच्या खेळाची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही. ती जुन्या पडद्याच्या क्षणिक उजेडावर नेम ओळखते.

वाशीला सेक्टर १७ मध्ये मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं आहेत. तिथे कॅसेटी मांडून ठेवलेल्या नसतात, विचारावं लागतं. दुरुस्तीला दिलेली आणि कधीच परत न नेलेली यंत्रं प्रत्येक दुकानाच्या एखाद्या खणात पडून असतात. गिऱ्हाइकांची गर्दी असताना विचारू नका. दुपारी तीनच्या सुमाराला, चहाच्या वेळी जा.

इथेच मागच्या वर्षी मी फसले होते. एका दुकानात अठराशे रुपये देऊन गेम बॉय ॲडव्हान्सची 'पोकेमॉन एमराल्ड' घेतली. घाईत होते, उघडून पाहिली नाही. आठवड्याने सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची कॅसेटीतली नोंद, पुसली गेली तेव्हा कळलं की ती बनावट आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण कॅसेट कशी ओळखायची ते लिहिते, कारण पोकेमॉनच्या बनावट कॅसेटी सगळीकडे आहेत. ॲडव्हान्सची कॅसेट उलटी धरून पिनांच्या फटीत उजेड पाडा. अस्सल कॅसेटीत सोनेरी पिनांच्या लगेच वर पट्टीवर 'निन्टेंडो' असं छापलेलं दिसतं. लेबल तिरकं धरलं तर त्यावर दाबून उठवलेला बारीक आकडा दिसतो. बनावटीचं लेबल फिकट, नाहीतर जास्तच चकचकीत असतं. अस्सल 'एमराल्ड'ची आतली बॅटरी संपली असेल, तर सुरू करताना ती तसं सांगते. जुनी कॅसेट आणि असा काहीच निरोप नाही, तर मला आता लगेच शंका येते. तीन पात्यांचा स्क्रू दिसला म्हणून विश्वास ठेवू नका, बनावटीतही तो असतो.

यंदा दुसऱ्या दुकानात गेलो. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी खालचा खण ओढला. चार्जर, रिमोट, एका कॅमेऱ्याचं झाकण, आणि त्यांच्याखाली लाल प्लास्टिकची कॅसेट. 'पोकेमॉन रेड', १९९८ ची अमेरिकन आवृत्ती. भाच्याने गेम बॉय कलर काढला. फेरीवर निघताना हाच न्यावा, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि साध्या गेम बॉयच्या कॅसेटीही वाचतो. आधी त्याने कॅसेट सगळ्या बाजूंनी पाहिली, मग सरकवून बटण दाबलं.

'कंटिन्यू' आलं.

सेव्ह जिवंत होती. पाच इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी नाव, पाच बॅज, वेळ २३ तास १४ मिनिटं. आत गेल्यावर पहिलाच पोकेमॉन चारमेलियन, आणि त्याचं नाव ठेवलेलं 'मोती'. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, हे आपण पुसायचं नाही."

दादांना विचारलं, हे कोणाचं? गेम बॉय दुरुस्तीला आला होता, न्यायला कोणी आलं नाही, दुकान आधीच्या मालकाचं असतानाची गोष्ट. त्यांनी सहाशे सांगितले, मी सहाशे दिले.

अशी कॅसेट हाती लागली तर थांबा. 'रेड'सारख्या खेळांची सेव्ह आतल्या नाणं-बॅटरीच्या जोरावर टिकते, आणि बॅटरी काढली की त्या क्षणी जाते. घाईने उघडून नवी घालायची नाही. आधी सेव्ह संगणकावर उतरवून घ्या, त्यासाठी यूएसबीला जोडायचं कार्ट्रिज रीडर मिळतं. मग ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे या कॅसेटींच्या स्क्रूचा खास पेचकस, वापरून कॅसेट उघडा, बॅटरीवर जो नंबर असेल त्याच नंबरची, पत्र्याच्या पट्ट्या जोडलेली बॅटरी आणा आणि सोल्डर करा. चिकटपट्टीने बसवलेली बॅटरी पहिल्या धक्क्याला हलते. सोल्डरचा हात नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण सेव्ह स्वतःच उतरवा.

आम्ही रात्री घरी आल्यावर हे सगळं केलं. मल्टिमीटरवर जुनी बॅटरी २.७ व्होल्ट दाखवत होती, नवी तीनच्या थोडी वर. सोल्डर मी केलं, सेव्ह परत चढवली भाच्याने. 'कॉन्ट्रा' चिठ्ठीसकट पिशवीत ठेवली, आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकली. चिठ्ठीला गोंद लावला नाही, ती जशी होती तशीच आहे.

लाल कॅसेट पुन्हा लावली तेव्हा तेच नाव आलं, तोच मोती, तेच २३ तास १४ मिनिटं. भाच्याने एकदा मेनू उघडला, सेव्ह न करता बंद केला, आणि स्वतःसाठी दुसरी 'रेड' शोधायला पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं का म्हणून विचारलं.